नवऱ्याचा पगार थोडा कमी पडतोय

प्रश्न: मला नवऱ्याकडे ब्रिटनला जायला स्पाउस व्हिसा (जोडीदाराचा व्हिसा) हवाय. नवरा इंग्लंडात स्विंडनला वेअरहाऊसात आहे, पोर्तुगीज पासपोर्ट, सेटल्ड स्टेटस (म्हणजे तिथे कायम राहायची परवानगी), लग्न गेल्या वर्षी झालं. त्याला वर्षाला २६,००० पौंड मिळतात. व्हिसाच्या उत्पन्नाच्या अटीसाठी माझा पणजीतला पगार त्यात धरतील का?
– एक वाचक, मडगाव

उत्तर: नाही हो ताई, इथला पगार धरत नाहीत. ११ एप्रिल २०२४ पासून अट वर्षाला २९,००० पौंडांची आहे, म्हणजे ३,००० कमी, ते बचतीतून भरता येतात पण हिशोब जरा तिरपागडाच आहे, पहिले १६,००० सोडून देतात नि उरलेल्याला अडीचने भागतात, म्हणजे खात्यात २३,५०० पौंड पाहिजेत, तेही सलग सहा महिने. सासऱ्यांनी दिले तरी चालतील, फक्त उसने नकोत. आणि नवऱ्याला सांगा, पगाराची स्लिप नि बँकेतली एंट्री जुळतेय ना ते बघ.