चिंतन बैठकीचा रिपोर्ट लिहायला बसशील तेव्हा

प्रिय पोरी,

परवा तुझा फोन आला की विधानसभेच्या निकालाचा रिपोर्ट चिंतन बैठकीसाठी तुला लिहायला सांगितलाय आणि दोन्ही गटांची माणसं आपापलं कारण तुझ्या कानात घालून गेलीत, तेव्हापासून माझ्या डोक्यात तेच चाललंय. फोनवर नीट बोलता आलं नसतं म्हणून लिहितोय.

निकाल लागला ना की गटागटांना पुढचं तिकीट आणि शहराध्यक्षाची खुर्ची दिसायला लागते, आणि पराभवाचं कारण त्या हिशोबाने निवडलं जातं. ज्याचा माणूस उभा होता तो म्हणणार लाट होती, पैसा वाटला, मशीनमध्ये घोळ. ज्याचं तिकीट कापलं तो म्हणणार उमेदवार चुकला. दोघंही मनापासून बोलतात बरं का, खोटं बोलतायत असं समजू नकोस, पण कारण आधी ठरतं आणि आकडे नंतर शोधले जातात.

आपल्याच नाशिक जिल्ह्याचं बघ. जून २०२४ ला लोकसभेला नाशिकमधून ठाकरे गटाचे राजाभाऊ वाजे १ लाख ६२ हजारांनी आले आणि लगेच कोणी म्हणालं गद्दारीचा राग, कोणी म्हणालं संविधान, कोणी म्हणालं कांदा. यातलं काही ना काही खरं असेलच, पण त्या लीडचा फार मोठा वाटा एकट्या सिन्नरचा होता, त्यांच्या घरच्या तालुक्याचा, हे किती जणांनी मोठ्याने म्हटलं? आपला गाववाला म्हणून मत पडलं असं म्हटलं की कुठल्याच गटाला त्याचं श्रेय घेता येत नाही ना.

मग नोव्हेंबरला विधानसभेत जिल्ह्यातल्या १५ पैकी १४ जागा महायुतीला गेल्या, महाविकास आघाडीला शून्य. जूनमध्ये कांदा कांदा करणारे एकदम गप्प झाले आणि सगळीकडे लाडकी बहीण सुरू झालं. आता माझं म्हणणं असंय की कांद्याचं कारण जूनमध्येही खरं होतं आणि नोव्हेंबरमध्येही. डिसेंबर २०२३ ला निर्यातबंदी झाली, ४ मे ला उठली ती पण ४० टक्के शुल्क ठेवून, आणि २० मे ला आपलं मतदान, शेतकऱ्याच्या डोक्यात राग ताजा होता. सप्टेंबरमध्ये शुल्क २० वर आणलं आणि मतदानाच्या वेळी बाजारात भावही चांगला होता. म्हणजे कांदा तोच, शेतकरी तोच, फक्त भाव बदलला. पण जिंकलेल्यांना योजनेचं श्रेय हवं होतं, हरलेल्यांना मशीनकडे बोट दाखवायचं होतं, कांद्याचा उपयोग कोणालाच उरला नव्हता.

मालेगावचं तर मला फार लागतं. आपलं मालेगाव धुळे लोकसभेत मोडतं, तिथे काँग्रेसच्या शोभा बच्छाव ३,८३१ मतांनी आल्या, सहापैकी पाच विधानसभा क्षेत्रांत त्या मागे होत्या आणि मालेगाव मध्यने सगळं फिरवलं. तेव्हा सगळं गाव एकगठ्ठा मतं देतं असं किती घाणेरड्या शब्दांत बोललं गेलं ते तू ऐकलंयस. पाच महिन्यांनी त्याच मालेगाव मध्यचा निकाल १६२ मतांनी लागला, गाव बरोबर मधोमध फुटलेलं होतं. त्या वेळी एकगठ्ठावाल्यांनी शब्द परत घेतला नाही.

दिंडोरी लोकसभेत शरद पवार गटाचे भास्कर भगरे १ लाख १३ हजारांनी जिंकले, त्यांचं चिन्ह तुतारी वाजवणारा माणूस, आणि तिथेच दुसऱ्या एका भगरे आडनावाच्या अपक्षाला तुतारी चिन्हावर १ लाख ३ हजारांच्या वर मतं पडली. जिंकल्यामुळे आडनावाचा आणि चिन्हाचा हा घोळ चार दिवसांत विसरला गेला. हरले असते तर आजपर्यंत तेच एक कारण पुरलं असतं. जिंकल्याची कारणं कोणी तपासत नाही ग, म्हणून तीच जास्त फसवी निघतात.

मी हे अधिकाराने सांगत नाहीये, मी स्वतः हे केलंय. २०१२ ला महापालिकेत मनसेच्या ४० जागा आल्या तेव्हा आमच्या पक्षाचा रिपोर्ट मीच लिहिला होता. दोन वॉर्डांत नेत्याने जवळच्यांना तिकीट दिलं म्हणून पडलो हे मला माहीत होतं, बूथनिहाय आकडे समोर होते, आणि मी लिहिलं, लाट होती. लाट म्हटली की कोणाचाच दोष राहत नाही. पुढच्या निवडणुकीत मनसे ५ वर आली, भाजप ६६ वर गेली, आणि आमच्याकडे त्याच वॉर्डांत तीच माणसं परत उभी होती. जो पोरगा तिथे दहा वर्षं रात्रंदिवस राबला होता त्याने राजकारणच सोडलं. त्याच्या डोळ्याला डोळा द्यायला मला आजही जड जातं.

तर तू काय कर, कारण लिहायच्या आधी फॉर्म २० काढ, त्यात बूथवार मतं असतात. लोकसभेचा आणि विधानसभेचा शेजारी शेजारी ठेव आणि जिथे लीड तुटलंय त्या बूथवर स्वतः जा, कार्यकर्त्याला नको, किराणावाल्याला विचार, पाणी भरणाऱ्या बायकांना विचार. मशीनबद्दल कोणी बोललं तर आपल्या एजंटने मतदानाच्या दिवशी १७सी ची, म्हणजे बूथवर किती मतं पडली त्या फॉर्मची, कॉपी घेतली होती का ते आधी विचार, घेतली असेल तर मोजणीच्या आकड्याशी जुळव, नसेल घेतली तर तेही रिपोर्टमध्ये लिही, ती आपली चूक आहे. आणि प्रत्येक कारणापुढे लिहून ठेव की हे कोणी सांगितलं आणि त्याला त्यातून काय मिळणारे.

दबाव येईल. भाऊंचा फोन येईल, दादांचा पण येईल. आकड्यांची एक प्रत माझ्याकडे ठेव. रविवारी सकाळी पंचवटीत घरी ये, सिडको आणि सातपूरचे बूथ आधी काढू, ते मला पाठ आहेत.

तुझा,
काका