‘मरीन’ला ‘नौसैनिक’ म्हणावं का?

दुसऱ्या महायुद्धात गाजलेल्या जॉन बॅसिलोनवर लेख लिहिताना अमेरिकी ‘मरीन’साठी, म्हणजे मरीन कोअर या दलातल्या सैनिकासाठी, ‘नौसैनिक’ चालेल का, असा प्रश्न आला आहे. माझ्या मते नाही. ‘मरीन’च ठेवा.

नौसैनिक म्हटलं की आपल्याला जहाजावरचा माणूस दिसतो. बॅसिलोन मात्र २४ ऑक्टोबर १९४२च्या रात्री प्रशांत महासागरातल्या ग्वादालकनाल बेटाच्या जंगलात मशिनगनच्या दोन तुकड्या सांभाळत होता. जपानी हल्ल्यात एका तुकडीत लढण्याजोगे दोघंच उरले. त्याने जादा मशिनगन तिथे नेऊन लावली, दुसरी बंद पडलेली भर गोळीबारात दुरुस्त केली आणि स्वतः चालवायला बसला. पुढे गोळ्या संपत आल्या, मागची वाट शत्रूने तोडलेली. त्यातूनही घुसून त्याने गोळ्या आणल्या. यात जहाज कुठे आहे? मरीन येतो समुद्रावरून, पण लढतो बहुधा जमिनीवर.

अमेरिकेत मरीन कोअर नौदल खात्याखाली येतं, तरी ते वेगळं दल आहे. आपले ‘मार्कोस’ म्हणजे मरीन कमांडो मात्र भारतीय नौदलातलेच, म्हणून ते खरेच नौसैनिक. घोळ होतो तो इथे. ‘सागरी सैनिक’ व्याकरणाने ठीक, पण मला तो वाचून किनाऱ्यावरचे सागरी पोलीसच आठवतात.

नुसतं ‘सैनिक’ लिहिलं तर चूक नाही. पण बॅसिलोन आधी भूदलात होता, फिलिपिन्समध्ये राहिला म्हणून ‘मनिला जॉन’ झाला, आणि १९४०मध्ये मरीन झाला. दोन्हीकडे ‘सैनिक’ घातलंत तर आयुष्यातलं हे वळणच पुसलं जाईल. मेडल ऑफ ऑनर हा अमेरिकेचा सर्वोच्च शौर्यसन्मान मिळाल्यावर युद्धरोखे (युद्धखर्चासाठी सरकारने लोकांकडून घेतलेलं कर्ज) खपवायला त्याला देशभर फिरवलं, तर हा आघाडीवर परत पाठवा म्हणून मागे लागला. १९४४मध्ये त्याने लेना रिगीशी लग्न केलं. तीही मरीन सार्जंट. ‘तो मरीन’, ‘ती मरीन’, शब्द दोघांना सारखाच बसतो. १९ फेब्रुवारी १९४५ला, जपानच्या इवो जिमा बेटावर उतरल्याच्या पहिल्याच दिवशी, तो मारला गेला. नेव्ही क्रॉस हे शौर्यपदक मरणोत्तर.

अनेकवचनही ‘मरीन’च ठेवा: दहा मरीन, मरीननी. ‘मरीन्सनी’ नको.

आणि शब्द परका वाटत असेल तर मुंबईचं मरीन लाइन्स स्टेशन आठवा. आपण ‘पोलीस लाइन’ म्हणतो ना, तशी ती ब्रिटिश काळातल्या मरीन बटालियनची लाइन.