लक्ष असूनही हात चुकतो तेव्हा

"मी मुद्दाम करत नाही हो, तरी माझ्याच हातून चुका का होतात?" हिशेब ठेवणारे, यंत्रावर काम करणारे, परिचारिका अशा, समुपदेशनासाठी माझ्याकडे आलेल्या कितीतरी जणांनी हा प्रश्न मला विचारला आहे. त्यामागे एक समजूत असते: चांगला कामगार चुकत नाही आणि जो चुकतो तो निष्काळजी असतो. ही समजूत जितकी घट्ट, तितक्या चुका वाढतात, असं माझं स्पष्ट मत आहे. एका फार्मासिस्टची हकिकत सांगते. ओळख पटेल असे तपशील अर्थातच बदलले आहेत.

रुग्णालयाच्या औषध विभागात ते बरीच वर्षं काम करत होते. एकदा औषध बरोबर गेलं, पण मात्रा दुप्पट गेली. वॉर्डमधल्या परिचारिकेच्या वेळीच लक्षात आलं आणि रुग्णाला काही झालं नाही. वरिष्ठांनी त्यांच्याकडून 'यापुढे अशी चूक होणार नाही' असं लिहून घेतलं आणि प्रकरण मिटलं. ते मात्र त्यातून बाहेर पडले नाहीत. प्रत्येक पाकीट चार-चारदा पाहायचं, दिलेलं औषध परत मागवून तपासायचं. त्यात वेळ गेला की खिडकीपुढे रांग वाढायची, सहकारी चिडायचे. मग घाई, आणि घाईत पुन्हा एक छोटी चूक. रात्री झोप नाही. "मॅडम, मला आता स्वतःवर भरवसाच राहिला नाही. नोकरी सोडू का?" हा त्यांचा पहिला प्रश्न होता.

मी आधी एवढंच विचारलं की घरीही असंच होतं का? कुलूप, गॅस, नळ पुन्हापुन्हा बघता का? ते नाही म्हणाले. घरीदारी सगळीकडे तपासणं सुरू झालं असतं तर मी त्यांना मानसोपचारतज्ज्ञांकडे पाठवलं असतं, कारण तो वेगळा त्रास आहे आणि त्याला वेगळे उपचार लागतात.

मग त्या दिवसाकडे वळलो. मी म्हटलं, "ही चूक तुमच्या सहकाऱ्याकडून झाली आहे असं समजा आणि फक्त काय घडलं ते क्रमाने सांगा. 'मूर्खपणा', 'बेफिकिरी' हे शब्द वापरायचे नाहीत." सुरुवातीला जमेना. हळूहळू चित्र उभं राहिलं. एकाच औषधाच्या दोन मात्रा, एकाच कंपनीच्या, एकाच रंगाच्या खोक्यांत, शेजारीशेजारी ठेवलेल्या. त्यांनी चिठ्ठी वाचली, फडताळाकडे हात नेला, तेवढ्यात फोन वाजला. फोनवर दुसऱ्याच औषधाची चौकशी. फोन ठेवून ते परतले तेव्हा खोकं हातात होतं. लेबल वाचून झालंय, असं त्यांना प्रामाणिकपणे वाटत होतं, पण ते वाचायचं राहिलं होतं.

यात बेफिकिरी कुठे आहे? मध्येच खंड पडला की मन अनेकदा एक पायरी पुढे जाऊन परततं, आणि हे अनुभवी माणसाच्या बाबतीत जास्त होतं, कारण त्याचे हात सवयीने चालतात. नवखा माणूस प्रत्येक पायरीवर अडखळतो, त्याच्या चुका वेगळ्या.

कामावरच्या चुकांचे मानसशास्त्रात ढोबळ चार प्रकार मानले जातात. हेतू बरोबर पण हात चुकला; करायचं ते विसरलं; विचारच चुकीचा केला; आणि नियम माहीत असून बाजूला ठेवला. विचार चुकला असेल तर शिकवण्याचा उपयोग होतो. नियम मोडला असेल तर तो का मोडावासा वाटला हे शोधावं लागतं. बहुधा तो पाळून काम वेळेत होतच नसतं. पण हात चुकला किंवा विसरलं, तर प्रशिक्षण, दटावणी, लेखी हमी यांतलं काहीही उपयोगी पडत नाही. जे ठरवून झालंच नाही, ते न करण्याची हमी माणूस देणार कशी?

त्यांना मी दुसऱ्या महायुद्धातली एक गोष्ट सांगितली. अमेरिकेची बी-१७ बॉम्बफेकी विमानं धावपट्टीवर सुखरूप उतरायची आणि मग वैमानिक चुकून चाकंच आत घ्यायचे. नोंद व्हायची 'वैमानिकाची चूक'. अल्फोन्स चॅपनिस या मानसशास्त्रज्ञाने कॉकपिट पाहिलं. पंखांच्या फ्लॅपची (विमान उतरताना खाली करायच्या पट्ट्यांची) कळ आणि चाकांची कळ शेजारीशेजारी होत्या आणि दिसायलाही सारख्याच. त्याने चाकांच्या कळीला छोटं रबरी चाक बसवलं, फ्लॅपच्या कळीला पाचरीच्या आकाराचा तुकडा. मग न बघताही हाताला फरक कळू लागला. वैमानिक तेच होते, कळी बदलल्या.

ते बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "म्हणजे माझी जबाबदारी काहीच नाही?"

आहे, आणि मोठी आहे. चूक दिसताक्षणी सांगणं ही पहिली. थोडक्यात टळलेली चूकही नोंदवणं ही दुसरी, कारण धोका कुठे दडला आहे हे तिच्यातून कोणाला इजा न होता कळतं. जिथे सांगणाऱ्याला शिक्षा होते तिथे पुढची चूक लपवली जाते, हे वरिष्ठांनीही समजून घ्यायला हवं. आणि तिसरी, आपल्या थकव्याची कबुली देणं. सलग सतरा तास जागं राहिलेल्या माणसाची कामगिरी रक्तात ०.०५ टक्के मद्यार्क असलेल्या माणसाइतकी घसरते, असं १९९७ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात दिसलं. भीतीने त्यांची झोप उडवली होती, म्हणजे ही भीतीच पुढच्या चुकीची तयारी करत होती.

चार-चारदा तपासण्याचं काय? स्वतःचंच काम पुन्हा पाहताना डोळ्यांना जे अपेक्षित असतं तेच दिसतं. म्हणून आम्ही ठरवलं: तपासणी एकदाच, पण पुरी. मात्रेच्या आकड्यावर बोट ठेवायचं, आकडा मोठ्याने म्हणायचा, चिठ्ठीशी ताडायचा आणि पुढे जायचं. जपानी रेल्वेचे कर्मचारी सिग्नलकडे बोट दाखवून त्याची स्थिती उच्चारतात; तिथल्या रेल्वे संशोधन संस्थेच्या १९९४च्या चाचणीत या पद्धतीने चुका सुमारे ८५ टक्क्यांनी घटल्या होत्या. मध्ये फोन आला तर हातातलं खोकं खाली ठेवायचं आणि चिठ्ठीपासून पुन्हा सुरुवात करायची. जास्त जोखमीची औषधं दुसऱ्या सहकाऱ्याने स्वतंत्रपणे तपासायची; त्याला आधीच 'बरोबर आहे ना?' असं विचारायचं नाही.

परत बघण्याची ऊर्मी दाबणं त्यांना सगळ्यात जड गेलं. ती ऊर्मी चढते आणि काहीही न करता उतरते, हे ऐकून पटत नाही, अनुभवावं लागतं. सुरुवातीला ते कमी जोखमीच्या औषधांवर हा सराव करत. एका भेटीत ते चिडून म्हणाले, "तुम्हाला काय, रुग्ण माझा आहे!" त्या रागात मला त्यांची कामावरची निष्ठा दिसली आणि मी तसं त्यांना सांगितलंही. चूक करून बसलेल्या आरोग्यसेवकालाही आधार लागतो, हे अल्बर्ट वू या अमेरिकी डॉक्टरांनी २००० साली लिहिलं. आपल्या कामाच्या जागांपर्यंत ते अजून पुरतं पोचलेलं नाही.

त्यांनी नोकरी सोडली नाही. वरिष्ठांकडे त्यांनी चुकीचा क्रम आणि दोन मागण्या लिहून दिल्या: दोन मात्रा वेगळ्या फडताळांत हलवाव्यात आणि फोन औषध काढण्याच्या जागेपासून दूर न्यावा. पहिली लगेच मान्य झाली. फोन अजून तिथेच आहे. हमीपत्रं लिहून घेण्याची पद्धतही चालू आहे, आणि ती बदलावी म्हणून विभागातल्या बाकीच्यांना सोबत घेऊन पुन्हा अर्ज करायचं त्यांनी ठरवलं आहे.