वाचकांचे प्रश्न : छोट्या धंद्याचा नफा मोजायचा कसा?

प्रश्न : एम.ए.च्या प्रकल्पासाठी मी सावंतवाडी आणि वेंगुर्ले तालुक्यांतल्या घरगुती काजू उद्योगांची पाहणी करते आहे. महिन्याची विक्री आणि खर्च बारकाईने विचारून वजाबाकी केली, तर निम्म्याहून जास्त उद्योग तोट्यात दिसतात. तरी ते वर्षानुवर्षं चालू आहेत. लोक खोटं सांगतायत का?
(विद्यार्थिनी, सावंतवाडी)

उत्तर : लोक खोटं सांगतात असं धरून चालू नका. घोटाळा बहुधा वजाबाकीत आहे. काजू बी येते फेब्रुवारी ते मे. ज्याच्या हातात पैसा असतो तो याच दिवसांत बी भरून ठेवतो आणि गर पुढे चवथ, दिवाळीपर्यंत विकत राहतो. खर्च एका महिन्यात होतो आणि विक्री सात-आठ महिन्यांत पसरते. त्यामुळे कोणताही एक महिना उचलून हिशेब केला की तो चुकणारच.

समजा एप्रिलमध्ये एकाने १२० रुपये किलोने १,००० किलो बी घेतली. १,२०,००० रुपये गेले. त्याच महिन्यात ४० किलो गर ८०० रुपयांनी विकला, ३२,००० आले. मजुरी, सरपण, पॅकिंग मिळून ६,३०० खर्च झाला. तुमच्या पद्धतीने हा माणूस ९४,३०० रुपयांनी बुडाला. आता चार किलो बीला एक किलो गर असा उतारा धरा. ४० किलो गराला १६० किलो बी लागली, तिची किंमत १९,२००. ३२,००० मधून १९,२०० आणि ६,३०० वजा केले की ६,५०० उरतात. बाकीची ८४० किलो बी घरात पडून आहे. तो शिल्लक माल आहे, तोटा नव्हे.

उतारा मात्र प्रत्येकाला वेगळा विचारा. ओली बी घेतली तर वाळल्यावर वजन घटतं, आणि झाडाच्या जातीप्रमाणे गराचं प्रमाणही बदलतं. ‘एका पोत्यातून गर किती किलो निघतो?’ या प्रश्नाला लोक चटकन उत्तर देतात, टक्केवारी विचारली की अडखळतात. अख्खा गर, पाकळी आणि तुकडा यांचे दरही स्वतंत्र लिहा. फोडणीत तुकडा जास्त पडला तर उतारा तोच राहूनही विक्रीची रक्कम बरीच खाली येते.

आता मुख्य गोष्ट. सुरेश डी मेल, डेव्हिड मॅकेन्झी आणि ख्रिस्तोफर वुड्रफ या अर्थतज्ज्ञांनी श्रीलंकेतल्या छोट्या धंद्यांवर हाच प्रश्न प्रयोग करून तपासला. २००९ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या निष्कर्षांनुसार धंदेवाले विक्री सुमारे ३० टक्क्यांनी कमी सांगतात, आणि विक्री-खर्चाच्या लांबलचक तपशिलापेक्षा नफा सरळ विचारला तर आकडा खऱ्याच्या जास्त जवळ जातो. म्हणून प्रश्नावलीत हा प्रश्न घाला आणि प्रत्येक ठिकाणी अगदी याच शब्दांत विचारा : ‘गेल्या महिन्यात विकलेल्या मालामागचा सगळा खर्च, मजुरीसुद्धा, भागवून धंद्यातून किती सुटले? घरखर्चाला काढून घेतलेले पैसे यातून वजा करू नका.’ शेवटचं वाक्य गाळलंत तर पोराची फी भरून उरलेली रक्कम ‘नफा’ म्हणून वहीत येईल.

याला जोडून तीन गोष्टी स्वतंत्र लिहा : घरात खाल्लेला आणि चाकरमान्यांच्या पिशवीत गेलेला गर, घरच्या माणसांनी बिनपगारी केलेले तास, आणि महिनाअखेरीस शिल्लक असलेली बी. घरच्यांच्या कष्टाची किंमत नफ्यातून परस्पर वजा करून टाकू नका. ती धरून आणि न धरता असे दोन्ही आकडे द्या. गावात दिवसाला २०० रुपयेच सुटणारं दुसरं काम असताना त्या कष्टाला शहरातली मजुरी लावली, तर चालता धंदाही कागदावर मरतो.

आणखी एक. सरपंच किंवा बचत गटाच्या सीआरपी ताईंना (गटांचं काम पाहणाऱ्या गावातल्या कार्यकर्तीला) बरोबर घेऊन घरात शिरू नका. योजनेची यादी होते आहे असं वाटलं की आकडे खाली येतात. बाई धंदा करते आणि ओटीवर बसून उत्तरं नवरा देतो, असं झालं तर ती प्रश्नावली बाजूला ठेवा आणि पुन्हा जा.

प्रश्न : आमच्या प्रभागसंघाने (बचत गटांच्या संघाने) १२ गटांना मिरची कांडप यंत्रं दिली. जानेवारीत नफा मोजला होता, एप्रिलमध्ये परत मोजला तर ४० टक्के वाढ दिसली. ही वाढ यंत्रामुळे झाली, असं अहवालात लिहावं का?
(प्रभागसंघाच्या पदाधिकारी, रत्नागिरी जिल्हा)

उत्तर : नाही, असं लिहू नका. वर्षभराचा मसाला घरोघरी मार्च ते मे याच दिवसांत होतो, मुंबईची माणसंही तेव्हाच घेऊन जातात. ज्या गटांना यंत्र मिळालं नाही त्यांचीसुद्धा विक्री एप्रिलमध्ये वाढलीच असणार. ती किती वाढली, हे कळल्याशिवाय तुमच्या ४० टक्क्यांना अर्थ नाही.

पुढच्या वेळी अर्ज जास्त आणि यंत्रं कमी असतील तेव्हा पात्र गटांच्या चिठ्ठ्या सगळ्यांसमोर काढा. आधी तालुका आणि उलाढाल यांप्रमाणे सारखे गट एकत्र लावा, मग अशा प्रत्येक यादीत चिठ्ठी. वशिल्याची तक्रार राहत नाही आणि तुलनेला खरा जोड मिळतो. राहिलेल्यांना यंत्र पुढच्या वर्षी द्यायचं, हेही त्याच सभेत जाहीर करा.

तरीही १२ गटांवरून नफ्याचा दावा टिकणार नाही. छोट्या धंद्यांच्या नफ्यात फार तफावत असते. ती (म्हणजे प्रमाण विचलन) सरासरी नफ्याइतकी धरली, तर २० टक्क्यांची वाढ बऱ्यापैकी खात्रीने पकडायला यंत्र मिळालेले आणि न मिळालेले अशा दोन्ही बाजूंना ३९० च्या आसपास गट लागतात. नंतर एकदाच न मोजता वर्षात चार वेळा मोजलं आणि दोन वेळच्या नफ्यांतला सहसंबंध (एका वेळचा नफा दुसऱ्या वेळच्या नफ्याशी किती जुळतो, ते ० ते १ मध्ये) ०.३ असला, तर हाच आकडा १९० च्या घरात येतो. तुमच्यासारख्यांनी अहवालात ठोस गोष्टी लिहाव्यात : दिवसाला किती किलो कांडप झालं, बायकांचे किती तास वाचले, वीजबिल किती आलं, मोटर किती दिवस बंद पडली. याचा उपयोग पुढची यंत्रं घेताना होईल.

घराचं पूर्ण उत्पन्नही विचारा. श्रीलंकेत काही छोट्या धंद्यांना चिठ्ठ्या टाकून १० किंवा २० हजार श्रीलंकन रुपयांची मदत दिली होती. पुरुषांच्या धंद्यांत भांडवलावर महिन्याला पाच टक्क्यांहून जास्त परतावा दिसला, बायकांच्या धंद्यांत काहीच नाही. बायकांना धंदा जमत नाही, असा अर्थ अनेकांनी काढला. अर्थतज्ज्ञ रोहिणी पांडे, एरिका फील्ड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१९ मध्ये भारत, श्रीलंका आणि घाना इथली आकडेवारी पुन्हा तपासली, तेव्हा चित्र वेगळं निघालं : बाईच्या नावावर आलेला पैसा घरातल्या पुरुषाच्या धंद्यात गेला होता. घरात धंदा करणारी ती एकटीच असेल तिथे तिच्याच धंद्याचा नफा वाढला होता. आपल्याकडेही मसाल्याचा पैसा होडीच्या जाळ्यात किंवा रिक्षाच्या हप्त्यात जाऊ शकतो. गटाची वही तेवढी पाहिली तर हे दिसत नाही.

प्रश्न : सल्लागार नेमून उत्पादन वाढतं याला पुरावा आहे का? माझा १० मागांचा कारखाना आहे.
(कारखानदार, बोईसर)

उत्तर : पुरावा तुमच्या दाराशी आहे. अर्थतज्ज्ञ निक ब्लूम आणि सहकाऱ्यांनी तारापूर आणि उंबरगाव इथल्या १७ कापड कंपन्यांमध्ये हा प्रयोग केला, २०१३ साली तो प्रसिद्ध झाला. काही कारखान्यांना एक महिना तपासणी आणि चार महिने प्रत्यक्ष मदत मिळाली, बाकीच्यांना फक्त तपासणी. पहिल्या वर्षात उत्पादकता १७ टक्क्यांनी वाढली. केलं काय, तर माग कशामुळे आणि किती वेळ बंद होता याची रोज नोंद, कापडातल्या दोषांची प्रकारवार वही, सुताच्या साठ्याला खुणा आणि रंगाप्रमाणे मांडणी, आणि या आकड्यांवर रोजची बैठक. ते कारखाने तुमच्यापेक्षा बरेच मोठे होते, म्हणून १७ टक्के स्वतःला लावू नका. २०१७ मध्ये पुन्हा पाहिलं तेव्हा मदत मिळालेल्या ठिकाणी जवळपास निम्म्या सुधारणा सुटल्या होत्या. व्यवस्थापक बदलला आणि मालकाला वेळ नसला की वही बंद पडते. सल्लागाराआधी माग बंद पडण्याची वही महिनाभर स्वतः ठेवा.

प्रश्न : मोबाइलमुळे मच्छीमारांना चांगला दर मिळतो, हे आपल्याकडे लागू आहे का?
(वाचक, हर्णै)

उत्तर : हे दाखवणारा अर्थतज्ज्ञ रॉबर्ट जेन्सन यांचा अभ्यास केरळातल्या १९९७ ते २००१ या काळातला, तारल्यांच्या बाजाराचा. फोन आल्यावर किनाऱ्या-किनाऱ्यांतली दराची तफावत घटली, मासळी फुकट जाणं थांबलं, मच्छीमारांचा नफा सुमारे ८ टक्क्यांनी वाढला आणि गिऱ्हाइकाला दर ४ टक्क्यांनी स्वस्त पडला. पण दुसऱ्या बंदरातला दर कळून उपयोग तेव्हाच, जेव्हा मासळी तिथे नेण्याची मोकळीक असते. ज्याने व्यापाऱ्याकडून डिझेल-बर्फासाठी उचल घेतली आहे, त्याला माल त्यालाच घालावा लागतो. पाहणी करायचीच तर फोन आहे का, याआधी उचल कोणाची, किती आणि कोणत्या अटीवर, हे विचारा. आणि जून-जुलैच्या बंदीकाळात जाऊ नका. त्या दिवसांत पोट बहुतेक उसनवारीवर चालतं, नेहमीचा हिशेब मिळणार नाही.