सरकारी निधीसाठी विद्यापीठांतल्या संशोधनाचा दर्जा आणि परिणाम मोजायची ब्रिटनची पद्धत न्याय्य आहे का? ती सरळ आकड्यांवर आणली तर?

उत्तर: न्याय्य आहे का, तर तज्ज्ञांच्या पॅनेलपाशी बऱ्यापैकी, त्याआधी विद्यापीठाच्या आत जे चालतं तिथे अजिबात नाही. आकड्यांवर, म्हणजे एखाद्या पेपरचे दाखले किती जणांनी घेतले अशा मोजणीवर, आणू नये. रेफ, म्हणजे रिसर्च एक्सलन्स फ्रेमवर्क, ही ती पद्धत: दर काही वर्षांनी विद्यापीठं आपलं काम पाठवतात, पॅनेल ते वाचून चारपर्यंत तारे देतं, आणि त्या ताऱ्यांवर निधी ठरतो.

२०११ साली माझा एक पेपर आला. ओढा रस्त्याखालच्या मोरीत शिरतो तिथे तोंडाशी लोखंडी जाळी असते. पाला, फांद्या, प्लास्टिक अडकून ती तुंबली की पाणी शेजारच्या घरांत शिरतं. कुठली जाळी कधी तुंबेल याचा अंदाज बांधायची रीत मी मांडली होती. निष्कर्ष साधाच होता: दर महिन्याच्या ठरलेल्या तारखेला सगळ्या जाळ्या साफ करत बसू नका, पानगळीनंतर मोठ्या पावसाचा इशारा आला की नेमक्या जाळ्यांवर माणसं धाडा. पेपर मुद्दाम अभियंत्यांच्या एका छोट्या जर्नलला दिला. ज्यांनी वाचायला हवा ते तेच वाचतात.

मग २०१४ च्या रेफची तयारी सुरू झाली आणि विभागात मॉक, म्हणजे घरच्या घरी रंगीत तालीम, झालं. आमच्या संशोधन-प्रमुखांनी या पेपरला दोन तारे दिले. कारण विचारलं तर म्हणाले, "त्या जर्नलमध्ये तीन ताऱ्यांचं काही छापून येत नाही." जर्नलचं नाव किंवा इम्पॅक्ट फॅक्टर (त्यातल्या लेखांचे सरासरी किती दाखले घेतले जातात तो आकडा) बघून दर्जा ठरवायचा नाही, असा रेफचा स्पष्ट नियम आहे. पण तो पॅनेलला लागू. घरातल्या घरात चाळणी लावणाऱ्याला कोण विचारतो? पेपर त्यांनी पूर्ण वाचला होता असं मला आजही वाटत नाही.

तेव्हा माणशी चार पेपर लागायचे आणि कुणाला पाठवायचं, कुणाला नाही, हे विद्यापीठ ठरवायचं. इंग्लंडमध्ये दोन ताऱ्यांच्या कामाला छदामही मिळत नाही, आणि चार ताऱ्यांना तीन ताऱ्यांच्या चौपट वजन. माझा चौथा पेपर हाच होता. मला वगळलं. वगळलेल्या माणसाच्या वाट्याला पुढे शिकवण्याचे तास वाढून येतात, हे कुठल्या नियमावलीत लिहिलेलं नसतं.

२०१६ मध्ये मी ती नोकरी सोडली. त्याच वर्षी रेफचा आढावा घेणाऱ्या स्टर्न समितीनं सुचवलं, की माणसं निवडून पाठवण्याचा हा प्रकार बंद करा. त्यामुळे २०२१ च्या फेरीत, ज्यांच्यावर संशोधनाची खरी जबाबदारी आहे त्या सगळ्यांना पाठवणं सक्तीचं झालं. चांगला बदल. मला त्याचा उपयोग शून्य.

२०२१ च्या फेरीतल्या केस स्टडी, म्हणजे संशोधनाचा बाहेरच्या जगावर काय परिणाम झाला हे दाखवणारी टिपणं, जाहीर झाल्यावर मी जुन्या विभागाच्या चाळल्या, आणि त्यांत आमच्या जाळ्या! स्थानिक कौन्सिलनं साफसफाईचं वेळापत्रक बदललं, त्यांचं पत्र पुरावा म्हणून दाखवलेलं, आणि आधारभूत संशोधनाच्या यादीत पहिला पेपर तोच. संशोधकांच्या रकान्यात माझं नाव, पुढे नोकरीचा काळ, २०१६ पर्यंत. नियमाप्रमाणे यात काही गैर नाही. परिणाम माणसाबरोबर जात नाही, काम जिथे झालं त्या विद्यापीठाकडेच राहतो. मला एक ईमेल तरी करायचा, एवढंच.

आता हिशेब बघा. २० जणांचा विभाग धरा. २०२१ च्या नियमानं त्यांनी ५० पेपर द्यायचे, त्यांना एकूण गुणांत ६० टक्के वजन. केस स्टडी ३, त्यांना २५ टक्के. म्हणजे एक केस स्टडी जवळपास सात पेपरांना भारी. आणि तिच्या मुळाशी असलेलं संशोधन किमान दोन ताऱ्यांचं असलं की पुरे होतं. ज्या दोन ताऱ्यांपायी मी वगळली गेले, त्याच दोन ताऱ्यांवर त्यांची केस स्टडी उभी राहिली.

आकड्यांबद्दल. २०१५ च्या 'द मेट्रिक टाइड' अहवालानं हाच प्रश्न तपासला आणि सांगितलं, की आकडे तज्ज्ञांच्या वाचनाची जागा घेऊ शकत नाहीत. माझाच पेपर घ्या. कौन्सिलचे अभियंते पेपर लिहीत नाहीत, त्यामुळे त्याचे सायटेशन, म्हणजे इतर पेपरांनी घेतलेले दाखले, कधी वाढले नाहीत. आकड्यांवर गेलं असतं तर त्याला दोन तारेही मिळाले नसते. खर्चाचा मुद्दा मात्र खरा आहे. २०१४ च्या फेरीला सुमारे २४.६ कोटी पौंड लागले, २०२१ च्या फेरीला ४७ कोटींच्या आसपास. पण यातला मोठा भाग विद्यापीठांनी स्वतःच्या तयारीवर उडवलेला असतो, मॉकवर मॉक. ते बंद करा की!

तुमच्या हातात नियम करणं असेल तर पहिली अट ही घाला: आतल्या आत तारे वाटायचे नाहीत, आणि वाटलेच तर कारण लेखी, सहीनिशी. दुसरी, ज्याच्या कामावर केस स्टडी लिहिताय त्याला आधी विचारा, तो आता कुठेही असो. आमचे संशोधन-प्रमुख म्हणायचे, "यात वैयक्तिक काही नाही, हा निधीचा हिशेब आहे." ठीक आहे. मग त्याच हिशेबानं त्यांनी २०१४ मध्ये केलेली पारख चुकली, असं म्हणायला हरकत नसावी.

परिणाम मोजता येतो का, हे अजून राहिलंच. बदल झाला हे दाखवता येतं, तो याच संशोधनामुळे झाला हे दाखवताना दमछाक होते. हानी टळली तर तोही परिणाम धरतात, पण न आलेल्या पुराबद्दल पत्र कोण देणार? त्यात २०२१ मध्ये ४१ टक्के कामाला चार आणि ४३ टक्क्यांना तीन तारे मिळाले. इतके जण वरच्या दोन पायऱ्यांवर उभे असतील तर त्यांच्यातला फरक मला फारसा विश्वासार्ह वाटत नाही.

हे सगळं मी पाण्याच्या अभियांत्रिकीतून बोलतेय. शुद्ध गणितवाल्यांचं आणि इतिहासवाल्यांचं दुखणं निराळं आहे, त्यांनाच विचारा. आणि मोजणीच नको म्हणणाऱ्यांत मला धरू नका. रेफच्या आधीच्या, २००८ च्या फेरीत विभागाला एकच श्रेणी देण्याऐवजी कुठल्या ताऱ्यांचं काम किती टक्के आहे ते जाहीर झालं, आणि लहान विद्यापीठांतल्या चांगल्या गटांनाही निधी पोचला. मोजलं नसतं तर तो मोठ्या नावांकडेच गेला असता. पुढे सरकारनं दोन ताऱ्यांचा निधी आधी कमी केला, मग बंदच केला, त्याचा दोष मोजणीवर टाकू नका.