एल साल्व्हाडोरची जमीन एवढी सुपीक असूनही देश परदेशातून येणाऱ्या पैशांवर का जगतो?

माझ्या मते या प्रश्नाचे उत्तर त्या सुपीक जमिनीच्या मालकीत सापडते. एल साल्व्हाडोर हा मध्य अमेरिकेतील सर्वांत लहान देश असून त्याचे क्षेत्रफळ सुमारे २१,००० चौरस किलोमीटर आणि लोकसंख्या साठ लाखांहून अधिक आहे. समुद्रकिनारा आहे तो फक्त पॅसिफिकचा.

ज्वालामुखींच्या राखेने कसदार झालेल्या मातीत पूर्वी नीळ पिकत असे. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात तिची जागा कॉफीने घेतली. कॉफीला डोंगरउतार लागतात आणि त्यांतील बरीच जमीन मूलनिवासी गावांच्या सामाईक मालकीची होती. १८८१ आणि १८८२ च्या कायद्यांनी सामाईक मालकीच रद्द केली, मळे मोजक्या घराण्यांकडे गेले आणि गावकरी तोडणीच्या हंगामापुरते मजूर उरले. कॉफीचे भाव कोसळल्यानंतर १९३२ मध्ये पश्चिम भागात उठाव झाला, तेव्हा जनरल मार्तिनेझच्या लष्कराने हजारो लोकांची, मुख्यतः पिपिल या मूलनिवासी समाजातील शेतकऱ्यांची, कत्तल केली. त्या धसक्याने अनेकांनी ‘नावात’ ही आपली भाषा आणि पारंपरिक वेशही सोडला.

जमीन नसलेले लोक मग शेजारच्या होंडुरासमध्ये शेती करू लागले. होंडुरासने जमीन सुधारणेच्या नावाखाली त्यांना हुसकावले आणि जुलै १९६९ मध्ये दोन्ही देशांत जेमतेम चार दिवसांचे युद्ध झाले. त्याला ‘फुटबॉल युद्ध’ म्हणतात. सामने हे निमित्त होते, भांडण जमिनीचे होते. पुढे १९८० ते १९९२ च्या यादवीत सुमारे ७५,००० माणसे मेली आणि लाखो लोक अमेरिकेत गेले.

आज त्यांनी घरी पाठवलेली रक्कम वर्षाला आठ अब्ज डॉलरहून अधिक, म्हणजे राष्ट्रीय उत्पन्नाच्या जवळपास एक चतुर्थांश भरते. तयार कपड्यांची निर्यात, साखर आणि पर्यटन आहेच, परंतु एवढा आधार त्यांपैकी कशाचाच नाही. २००१ पासून चलनही अमेरिकी डॉलरच आहे. २०२१ मध्ये बिटकॉइनला कायदेशीर चलन करताना, पैसे पाठवण्याचा खर्च वाचेल असे एक कारण सरकारने दिले होते. प्रत्यक्षात फार थोड्या कुटुंबांनी तो मार्ग वापरला आणि आंतरराष्ट्रीय नाणेनिधीशी कर्जाचा करार झाल्यावर २०२५ च्या आरंभी बिटकॉइन स्वीकारण्याची सक्ती सरकारने काढून टाकली.