घरच्या बिअरचं ऑक्सिडेशन: व्हिटॅमिन सी घालावं की मेटाबायसल्फाइट?

तुमचा प्रश्न असा आहे: भरपूर हॉप्स (बिअरला कडूपणा आणि वास देणारी फुलं) घातलेली फिकट, गढूळ बिअर बाटलीत भरल्यावर तीनेक आठवड्यांत मळकट तपकिरी होते, हॉप्सचा वास उडतो आणि ओल्या पुठ्ठ्यासारखी चव येते. मग व्हिटॅमिन सी घालावं की मेटाबायसल्फाइट, किती घालावं, कधी घालावं आणि आधीच भरून ठेवलेल्या बाटल्या त्याने सुधारतील का?

ही खराबी बिअरला लागलेल्या ऑक्सिजनमुळे होते, तेच ऑक्सिडेशन. त्यावर मी मेटाबायसल्फाइट घालतो. ही पावडर बिअरमध्ये सल्फर डायऑक्साइड सोडते; तिलाच पुढे सल्फाइट म्हटलंय. आंबण्याचं काम पूर्ण संपल्यावर, बाटल्या किंवा केग (बिअरचं बंद पिंप) भरण्याच्या वेळीच. एकटं व्हिटॅमिन सी कधीच घालत नाही. पण तीन आठवड्यांत एवढा रंग पालटत असेल, तर नुसत्या पावडरीने तुमचं काम भागणार नाही.

का, ते हिशोबाने बघा. १ मिली हवेत साधारण ०.२८ मिलिग्रॅम ऑक्सिजन असतो. ३३० मिलीच्या बाटलीच्या मानेत १० मिली हवा राहिली, तर २.८ मिलिग्रॅम ऑक्सिजन आत गेला. लिटरच्या भाषेत बोलायचं तर जवळजवळ ८.५ मिलिग्रॅम. मोठे बिअर कारखाने सीलबंद बाटलीतला एकूण ऑक्सिजन लिटरमागे ०.१ मिलिग्रॅमच्या खाली राखायला धडपडतात. आपण घरी काहीही वेडंवाकडं न करता त्याच्या ऐंशीपटीच्या वर जातो.

आता पावडरीची ताकद. घरी बिअर करणाऱ्यांमध्ये १९ लिटरला ०.३ ग्रॅम पोटॅशिअम मेटाबायसल्फाइट हे प्रमाण बऱ्यापैकी रुळलेलं आहे. त्यातून वजनाच्या सुमारे ५७ टक्के सल्फर डायऑक्साइड मिळतो, म्हणजे लिटरमागे साधारण ९ मिलिग्रॅम. १ मिलिग्रॅम ऑक्सिजन संपवायला कागदावर ४ मिलिग्रॅम सल्फर डायऑक्साइड लागतो. म्हणजे सगळं अगदी आदर्श घडलं, तरी लिटरमागे सव्वादोन मिलिग्रॅम ऑक्सिजनचा बंदोबस्त होईल. वरच्या बाटलीत त्याच्या जवळजवळ चौपट बसलाय! मग डोस चौपट करावा का? तसं केलंत तर सल्फर डायऑक्साइड लिटरमागे ३५ मिलिग्रॅमच्या आसपास जाईल. युरोपीय संघात नेहमीच्या बिअरसाठी मर्यादाच २० मिलिग्रॅम आहे. शिवाय इतक्या डोसला पेटवून विझवलेल्या काडीसारखा वास जाणवू लागण्याची भीती. म्हणून मी ०.३ ग्रॅमच्या पुढे जात नाही. उरलेलं काम हवा आत न जाऊ देण्याने करायचं.

व्हिटॅमिन सी, म्हणजे ॲस्कॉर्बिक ॲसिड, निरुपद्रवी वाटतं आणि सहज मिळतं, म्हणून बरेच जण आधी त्याकडेच वळतात. ते ऑक्सिजनला पटकन पकडतं, हे खरंच आहे. अडचण पुढे येते. त्या क्रियेत हायड्रोजन पेरॉक्साइड तयार होतं. बिअरमध्ये लोह आणि तांबं अगदी अंशमात्र का होईना, असतंच. लोहाशी गाठ पडली की पेरॉक्साइडपासून हायड्रॉक्सिल रॅडिकल बनतात, आणि ते साध्या ऑक्सिजनपेक्षा कितीतरी आक्रमक असतात. चोर पकडायला ठेवलेल्या पहारेकऱ्यानेच मागचं दार उघडं टाकावं, तशातली गत. सल्फाइट सोबत असेल तर ते पेरॉक्साइडला तिथल्या तिथे निकामी करतं, म्हणून काही जण दोन्ही एकत्र घालतात. त्यात चूक काही नाही, पण मला ती जोडी घरच्या प्रमाणात अनावश्यक वाटते. एकट्या सल्फाइटचा थेट ऑक्सिजनवर हल्ला तसा संथच असतो. त्याची खरी कमाई पेरॉक्साइड निकामी करण्यात आणि शिळेपणाची चव देणारी अल्डिहाइडं बांधून ठेवण्यात आहे.

वेळेबद्दल मात्र काटेकोर राहा. यीस्ट जोरात काम करत असताना सल्फाइट पडलं, तर ते आंबताना बनणाऱ्या अॅसिटाल्डिहाइडला बांधून ठेवतं आणि यीस्टला ते पुढे पचवता येत नाही. सडक्या अंड्याचा वासही येऊ शकतो. त्यामुळे हायड्रोमीटरचा (बिअरची घनता मोजणाऱ्या नळीचा) आकडा काही दिवस हलला नाही याची खात्री झाल्यावरच घाला.

बाटलीत साखर घालून गॅस तयार करत असाल, तर सल्फाइटने यीस्ट मरेल ही भीती सोडा. बिअरचं पीएच साधारण ४.२ ते ४.५ असतं. तिथे सल्फाइटचा फारच थोडा भाग जंतूंना मारणाऱ्या रूपात उरतो, त्यामुळे एवढ्याशा डोसला यीस्ट दाद देत नाही. त्याच कारणाने त्याला जंतुनाशक समजून भांडी धुण्यात कुचराई करू नका. बाटलीतलं यीस्ट स्वतःही बराच ऑक्सिजन खातं. पण हॉप्स ठासून भरलेल्या बिअरला तेवढं पुरत नाही, हे तुमच्या बाटल्याच सांगतायत.

०.३ ग्रॅम मोजणं हीच खरी कटकट. स्वयंपाकघरातल्या काट्यावर ते येणार नाही. उकळून गार केलेल्या पाण्याचं १०० मिली द्रावण करा, त्यात ३ ग्रॅम पावडर विरघळवा आणि त्यातलं १० मिली १९ लिटरला वापरा. उरलेलं ठेवू नका, त्याची ताकद उतरते. पावडरीच्या डब्यात नाक घालू नका. तीव्र ॲसिडमध्ये तर ती मिसळूच नका, सल्फर डायऑक्साइड वायू सुटतो. सोडिअम मेटाबायसल्फाइट असेल तर त्यात सल्फर डायऑक्साइड थोडा जास्त, सुमारे ६७ टक्के असतो, म्हणून ०.२५ ग्रॅम पुरे. कॅम्पडेन गोळ्या (मेटाबायसल्फाइटच्याच गोळ्या) वापरायच्या तर गोळीचं वजन आणि आत पोटॅशिअमचं मेटाबायसल्फाइट आहे की सोडिअमचं, ते वेष्टनावर बघा, दोन्ही बदलतं.

द्रावण आणि गार झालेला साखरेचा पाक आधी बाटल्या भरायच्या बादलीत ओता, मग सायफनने बिअर खालून, आवाज न करता येऊ द्या. खळखळाट ऐकू आला की समजा, हवा मिसळतेय. बाटली तळापासून भरणारी नळी घ्या, मानेतली मोकळी जागा कमीत कमी ठेवा. फेस काठापर्यंत चढला असतानाच बूच लावा, म्हणजे तिथली हवा फेसाने ढकलली गेलेली असते. केग असेल तर काम सोपं: द्रावण आत टाका, केग कार्बन डायऑक्साइडने पूर्ण भरून हवा बाहेर काढा आणि बंद नळीतून बिअर सोडा. यातलं एकही न करता फक्त पावडर घालणारे मग पावडरीलाच नावं ठेवतात.

भरल्यानंतर थंड ठेवा. तापमान १० अंशांनी वाढलं की शिळं होण्याचा वेग ढोबळमानाने दुप्पट-तिप्पट होतो. गॅस तयार झाल्यावर बाटल्या खोलीत पडू देण्याचं मला काही कारण दिसत नाही.

एक गोष्ट पिणाऱ्यांना सांगायला विसरू नका. काही दमेकऱ्यांना सल्फाइटने धाप लागते. यीस्ट स्वतःही थोडं सल्फाइट बनवतं, त्यात आपलं मिळवलं की एकूण प्रमाण लिटरमागे १० मिलिग्रॅमच्या पुढे सहज जाऊ शकतं. अमेरिकेत आणि युरोपात याच आकड्यापासून बाटलीवर तसं लिहावं लागतं. घरच्या बाटलीला लेबल नसतं, तेव्हा तोंडी सांगा.

आता त्या आधीच्या बाटल्या. त्या उघडून पावडर घालू नका. उघडताना नवी हवा आत जाईल. सल्फाइट पुठ्ठ्याच्या चवीला थोडं दाबेलही, पण तपकिरी रंग आणि उडालेला हॉप्सचा वास परत येणार नाही. फ्रिजमध्ये ढकला आणि ज्या अजून बऱ्या लागतायत त्या आधी संपवा.